रील बघून समुद्रात मासे पकडायला निघालात? बोटीचे पैसे भरण्याआधी हे वाचा

लातूर असो की नांदेड, मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे हमखास घडतं. कुणीतरी एक रील टाकतो. निळंशार पाणी, गॉगल लावलेला पोरगा, वाकलेला रॉड आणि पुढच्याच सेकंदाला दोन्ही हातांत न मावणारा मासा. खाली मोबाइल नंबर आणि ‘बुकिंग सुरू, निम्मे पैसे ॲडव्हान्स’. दहा मिनिटांत सहा जण ‘आपण फिक्स’ म्हणतात आणि सातवा यूपीआयवर पैसे गोळा करायला लागतो.

ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथल्या पोरांना समुद्राचं वेड असणार यात नवल नाही. मांजरा आणि गोदावरीच्या काठावर गळ टाकून मरळ, राहू काढणारे इथे कमी नाहीत. पण काठावर बसून गळ टाकणं वेगळं आणि जमीन दिसेनाशी होईल इतक्या आत हलत्या बोटीवर उभं राहणं वेगळं. तिथे मासा लागला नाही तर फक्त पैसे जातात. बोट चुकीची निघाली तर त्याहून जास्त काही जाऊ शकतं.

हा प्रकार नेमका असतो काय?

याला ‘फिशिंग चार्टर’ म्हणतात. म्हणजे ठरावीक तासांसाठी अख्खी बोट भाड्याने घ्यायची. सोबत तांडेल म्हणजे बोट चालवणारा, एखाद-दोन खलाशी आणि रॉड, रील, दोरी, आमिष असं सामान. मासे कुठे लागतील ते तांडेल ठरवतो, गळ तुम्ही टाकता. काही ठिकाणी मासा पकडून परत सोडायचा नियम असतो, काही ठिकाणी तो संध्याकाळी तुमच्याच ताटात येतो.

महाराष्ट्रात यासाठी लोक सर्वाधिक जातात ते मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात. रायगड आणि रत्नागिरीतही हौशी गळवाले आहेत. ज्यांना खरोखर मोठ्या माशाशी झुंजायचंय, ते अंदमान गाठतात. तिथे जायंट ट्रेव्हली, डॉगटूथ ट्यूना, सेलफिश असे मासे मिळतात आणि परदेशातले लोकही त्यासाठी येतात.

कोकणात गळाला काय लागतं? तांबोशी, गोबरा, कोकर, नशीब असेल तर सुरमई. खाडीच्या तोंडाशी चोणक. हाच मासा रायगडात जिताडा म्हणून ओळखला जातो. आणि तिथे ‘गळ’ न म्हणता ‘गरी’ म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, तांडेलाशी बोलताना उपयोगी पडेल.

पहिला प्रश्न: बोट कसली आहे?

बहुतेक लोक ‘किती पैसे?’ इथून सुरुवात करतात. खरं तर सुरुवात ‘बोटीचा परवाना कशाचा आहे?’ इथून करायला हवी.

समुद्रात दोन प्रकारच्या बोटी दिसतात. एक मासेमारीची. तिची नोंदणी मासेमारीसाठी झालेली असते आणि तिच्यावर ‘आयएनडी-एमएच’ने सुरू होणारा क्रमांक रंगवलेला असतो. दुसरी प्रवासी बोट. तिची तपासणी होते आणि तिला महाराष्ट्र सागरी मंडळाकडून प्रवासी वाहतुकीचा परवाना मिळतो. त्या परवान्यावर किती माणसं बसवायची हा आकडा असतो.

गोम इथेच आहे. मासेमारीच्या बोटीवर चढलेला पर्यटक कागदोपत्री खलाशी नसतो आणि प्रवासीही नसतो. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत समुद्रात अपघाती मृत्यू झाल्यास ५ लाख रुपयांचं विमा संरक्षण आहे, पण ते नोंदणी असलेल्या मच्छीमाराला. हौसेने गेलेल्या लातूरकराला नाही. बोटीचा स्वतःचा विमा असला तरी त्यात पाहुणा धरलेला असेलच असं नाही.

म्हणून फोनवर सरळ विचारा: बोट प्रवासी परवान्याची आहे का, त्यावर किती जणांची परवानगी आहे आणि परवान्याचा फोटो पाठवता का? ज्याच्याकडे कागद आहेत तो दोन मिनिटांत पाठवतो. ‘साहेब, या तर खरं, सगळं होतं’ असं उत्तर आलं की समजून घ्या. शंका असेल तर त्या बंदरावरच्या सागरी मंडळाच्या कार्यालयात विचारता येतं. तिथले बंदर निरीक्षक ही माहिती देऊ शकतात.

हे सगळं उगाच घाबरवायला नाही. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा डायव्हिंगहून परतणारी बोट उलटली. बोटीवर २० पर्यटक होते, त्यातल्या दोघांचा मृत्यू झाला. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि १५ जणांचे प्राण गेले. धडक त्या बोटीची चूक नव्हती. पण तिचा परवाना ८४ प्रवासी आणि ६ कर्मचाऱ्यांचा होता आणि आत शंभरहून जास्त माणसं होती. बोट बुडायला लागल्यावर जॅकेट शोधणं किती अवघड असतं, हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं.

तेव्हा लाइफ जॅकेट बोटीत ‘असणं’ पुरेसं नाही, ते अंगावर हवं. सोबत मुलं असतील तर मुलांच्या मापाचं आहे का ते आधी विचारा. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून निसटतं. फोटोसाठी जॅकेट काढायचा मोह सगळ्यांना होतो, पण तांडेल चांगला असेल तर तो काढू देत नाही. आत गेल्यावर मोबाइलची रेंज जाते, त्यामुळे बोटीवर वायरलेस सेट आहे का हेही विचारून ठेवा.

आपली सुट्टी आणि समुद्राची सुट्टी

मराठवाड्यातल्या कुटुंबांची सहल बहुतेक वेळा मेच्या शेवटी किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात ठरते. पोरांच्या परीक्षा झालेल्या असतात, लग्नसराई आटोपलेली असते, ऊन जीव काढत असतं. नेमका तेव्हाच समुद्र बंद होतो.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. हा माशांच्या विणीचा काळ आणि पावसाळी वादळांचाही. जलपर्यटन तर त्याही आधी, मेच्या शेवटच्या आठवड्यातच थांबवलं जातं आणि साधारण ऑगस्टअखेरपर्यंत बंद राहतं. या काळात कुणी ‘आमची बोट चालू आहे’ म्हणत असेल, तर तो नियम मोडतोय, आणि ज्या समुद्रात अनुभवी मच्छीमार जात नाहीत तिथे तुम्हाला नेतोय.

नारळी पौर्णिमेला कोळी समाज समुद्राला नारळ अर्पण करतो आणि मग मासेमारीचा हंगाम सुरू होतो. हौशी माणसाने मात्र आणखी थांबावं. ऑक्टोबरनंतर समुद्र शांत होत जातो. दिवाळीची सुट्टी आणि त्यानंतरची थंडी हा उत्तम काळ.

दिवस निवडताना भरती-ओहोटीही बघा. यासाठी ॲपची गरज नाही, घरातलं कॅलेंडर पुरतं. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ निघते. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती, दुपारी आणि पहाटेही. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाण्याला ओढ जास्त. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. अशा तोंडाशी वाळूचे दांडे असतात आणि ओहोटीला तिथे लाटा फुटतात. म्हणून तांडेल ‘सहाला नको, आठला निघू’ म्हणाला तर तो आळशी आहे असं समजू नका.

पैसे कसे ठरतात?

भाडं माणशी नसतं, बोटीचं असतं. अर्धा दिवस म्हणजे साधारण चार तास, पूर्ण दिवस म्हणजे सकाळ ते दुपार-संध्याकाळ. त्यामुळे चौघांनी जाणं आणि दोघांनी जाणं यात खिशाला मोठा फरक पडतो. फक्त भाडं वाटायचं म्हणून परवान्याच्या आकड्यापेक्षा जास्त डोकी बसवू नका.

डिझेल भाड्यात धरलंय की वेगळं? रॉड-रील त्यांचे की भाडं वेगळं? आमिष, नाश्ता, पाणी? गळ तुटला तर कोण भरणार? मासा कुणाचा? आणि सगळ्यात महत्त्वाचं, हवामान खराब झालं तर पैसे परत की तारीख पुढे? ही उत्तरं फोनवर न घेता व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. ‘मासा शंभर टक्के मिळणार’ असं लिहून देणारा भेटला तर त्याला टाळा. तशी खात्री कुठलाच तांडेल देत नाही.

ॲडव्हान्स देण्याआधी तो नंबर खरोखर त्या गावातला आहे का ते तपासा. व्हिडिओ कॉलवर बोट दाखवायला सांगा, राहणार आहात त्या होमस्टेच्या मालकाला विचारा. उचललेल्या व्हिडिओवर स्वतःचा नंबर टाकून पैसे गोळा करणारे भरपूर आहेत. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाइनला ताबडतोब फोन करा. जितका उशीर, तितकी पैसे अडवायची शक्यता कमी.

लातूर-नांदेडहून जायचं कसं?

लातूर ते मालवण साधारण पाचशे किलोमीटर. तुळजापूर, सोलापूर, सांगलीमार्गे कोल्हापूर आणि तिथून फोंडा घाटाने खाली कणकवली. नांदेडकरांनी त्यात आणखी दीडशेच्या आसपास धरावेत. रेल्वेने जायचं तर नांदेड-पनवेल एक्स्प्रेस लातूरवरून जाते. पनवेलला गाडी बदलून कोकण रेल्वेने कुडाळ. आरक्षण आता ६० दिवस आधी सुरू होतं आणि कोकणच्या गाड्या सणासुदीला पहिल्याच दिवशी भरतात.

रात्रभर प्रवास करून त्याच सकाळची बोट मात्र बुक करू नका. झोप नाही, पोटात रस्त्यावरचा वडापाव, त्यात लाटा. ज्याला घाटात गाडी लागते त्याला बोट हमखास लागते. एक रात्र मुक्काम करा, सकाळी हलकं खा, डॉक्टरांना विचारून उलटीची गोळी निघण्याआधीच घ्या. उलट्या सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. मूळ आधारकार्ड जवळ ठेवा. २६/११ चे दहशतवादी ‘कुबेर’ नावाची मासेमारी बोट बळकावून आले होते. तेव्हापासून किनाऱ्यावर तपासणी कडक आहे.

अंदमानचा बेत असेल तर हैदराबाद किंवा चेन्नईहून विमान बरं पडतं. पोर्ट ब्लेअरचं नाव सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम आहे आणि हॅवलॉक बेटाचं स्वराज द्वीप. तिकीट काढताना गोंधळ नको. तिथला दिवसाचा दर कोकणापेक्षा कितीतरी जास्त, दहा हजारांच्या पटीत जातो. अंदमान आणि पूर्व किनाऱ्यासाठी केंद्राने ठरवलेला बंदीचा काळही वेगळा आहे, १५ एप्रिल ते १४ जून. वंडूरचं महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान १९८३ पासून संरक्षित आहे, तिथे मासेमारी चालत नाही.

कुठे आणि काय पकडायचं नाही

अशी संरक्षित जागा मालवणातही आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा २९.१२ चौरस किलोमीटरचा भाग १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. किल्ल्याच्या तटाखाली गळ टाकून फोटो काढायची आयडिया सोडून द्या. ‘एका दिवसात आंग्रिया बँक दाखवतो’ म्हणणाऱ्यालाही हात जोडा. कान्होजी आंग्रे यांच्या नावाचा तो प्रवाळाचा पट्टा विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरहून जास्त आत आहे.

समुद्री कासव आणि व्हेल शार्क हे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. गळात अडकले तर दोरी कापून सोडायचे, सेल्फी काढत बसायचं नाही. राज्य सरकारने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकारही ठरवून दिलाय. राज्यमासा असलेला पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा छोटा पकडता येत नाही. तांडेलाने लहान मासा परत टाकला तर ‘अरे, पैसे दिलेत आम्ही’ म्हणून भांडू नका.

अडचण आली तर तटरक्षक दलाचा नंबर १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३. रेंज असतानाच सेव्ह करा आणि किनाऱ्यावर राहणाऱ्या एकाला बोटीचं नाव, नंबर, परतायची वेळ सांगून निघा.

ज्यांना एवढं सगळं ऐकून बोट नकोशी झाली, त्यांच्यासाठी रापण आहे. मालवण-देवबागच्या किनाऱ्यावर मच्छीमार समुद्रात मोठं जाळं सोडतात आणि दोन्ही टोकांना रांगा लावून ते वाळूवर ओढून काढतात. विचारलं तर दोरीला हात लावू देतात. जाळं जवळ येतं तशी बांगड्यांची चमक पाण्यात दिसायला लागते, कावळे-घारी जमतात आणि गावातल्या बायका टोपल्या घेऊन येतात. सकाळी लवकर किनाऱ्यावर पोहोचायचं, एवढंच त्याचं बुकिंग.