दमसास आणि मुखपट्टी

हेलसिंकी, १९५२. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव जपानच्या शोहाची इशीशी दीर्घ झुंज देऊन उतरले, तोच सोव्हिएत मल्ल रशीद मम्मदबेयोव्हशी लढायचा हुकूम आला. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता, पण तो बजावून सांगायला भारताचा एकही अधिकारी तिथे नव्हता. दमलेले खाशाबा हरले. तरीही त्यांनी आणलेले कांस्य हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले.

सातारा-सांगलीच्या तालमींत डावांइतकाच मान दमसासाला. पहाटे जोर-बैठका, मग हौद्यात लढत. एक जोडीदार थकला की ताज्या दमाचा दुसरा अंगावर येतो. कवठेपिरानचे मारुती माने १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणि रौप्य जिंकले, त्यामागे हीच मेहनत होती. जुन्या तालमींची बांधणीही तिला धरूनच: जाड भिंती, बुटका दरवाजा, लहान झरोके आणि तेल, ताक, हळद मुरवलेली तांबडी माती. आतल्या उबेने अंग लवकर मोकळे होते.

मार्च २०२० मध्ये सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपुरात कोरोनाचे रुग्ण सापडले आणि ही बंदिस्त ऊबच धोक्याची झाली. यात्रांतली कुस्तीची मैदाने रद्द झाली, तालमींना कुलपे लागली. अनेक मल्लांनी शेतातच जोर मारले.

मुखपट्टी लावून मेहनत करावी का, हा प्रश्न तेव्हा जगभर होता. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२० मध्ये व्यायामात ती न लावण्याचा सल्ला दिला. केंद्राच्या ऑगस्टमधल्या नियमावलीनेही व्यायाम करताना, विशेषतः एन-९५ मुळे, श्वास घ्यायला त्रास होऊ शकतो असे सांगून शक्यतो पारदर्शक मुखकवच सुचवले.

शांत बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो. कसलेला खेळाडू जिवाच्या आकांताने झटतो तेव्हा शंभर लिटरच्या वर. एवढी हवा कापडातून ओढायची म्हणजे छातीच्या स्नायूंना जादा काम. घामाने कापड भिजले की अडसर वाढतो, आणि सोडलेल्या हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड पुन्हा आत जातो. तरीही निरोगी माणसांच्या चाचण्यांत रक्तातला ऑक्सिजन फारसा घटला नाही. मुखपट्टीने प्राणवायू संपतो ही तेव्हाची अफवा निराधारच होती, आणि तिने अनेकांना विनाकारण घाबरवले. धाप मात्र जास्त जाणवते, आणि अगदी कमाल जोर लावताना माणूस थोडा आधी थांबतो. कुस्तीत तर मानेला मिठी पडताच पट्टी निघायचीच. दोघांचे श्वास एकमेकांच्या तोंडावर असतात.

राज्यात व्यायामशाळा २५ ऑक्टोबर २०२० ला, दसऱ्याला उघडल्या. मुखपट्टीची सक्ती उठली ती २ एप्रिल २०२२ च्या गुढीपाडव्याला. त्याच आठवड्यात साताऱ्याच्या शाहू क्रीडा संकुलात ६४ व्या महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या लागल्या. ९ एप्रिलला पृथ्वीराज पाटीलने विशाल बनकरला हरवले आणि कोल्हापूरकडे दोन दशकांनंतर गदा गेली.