दिवाबत्ती, पाणी आणि झाडलोट

नगरपालिका म्हणजे काय, असे जुन्या माणसास विचारले असते तर त्याने तीन शब्दांत उत्तर दिले असते: दिवाबत्ती, पाणी आणि झाडलोट. रस्त्यावर रात्री उजेड असावा, घरोघरी पाणी यावे आणि गावची घाण गावाबाहेर जावी, एवढ्यासाठी लोक पट्टी भरीत आणि एवढ्यावरूनच निवडणुकीत सभासदाची परीक्षा होई. अलीकडे जगभरच्या शहरांपुढे एक निराळे काम येऊन ठेपले आहे. कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळल्याने हवेत जो कर्बवायू साठतो आणि ज्याच्या योगाने पृथ्वीचे तापमान वाढत चालले आहे, तो आपापल्या हद्दीत कमी करावयाचा. हे काम कोठून तरी दूरदेशातून आले आहे, नांदेड-लातूरच्या महापालिकांचा त्याच्याशी संबंध काय, असे अनेकांस वाटते. आम्हांस येथे एवढेच दाखवावयाचे आहे की, हे काम मुळात नवे नाही. जुन्याच तीन कामांचा हा नवा हिशेब आहे; आणि मराठवाड्यात त्या हिशेबाचे सर्वांत महत्त्वाचे पान पाण्याचे आहे.

प्रथम या दोन नगरांकडे पाहू. दोन्ही १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. नांदेड हे गोदावरीच्या काठचे प्राचीन नगर; १७०८ साली गुरु गोविंदसिंगांनी येथेच देह ठेवला. लातूरची कीर्ती व्यापारपेठेची. १९१७ च्या सुमारास तेथे गंजगोलाई उभी राहिली. मध्ये गोल इमारत आणि तिला चोहोबाजूंनी येऊन मिळणारे सोळा रस्ते, अशी ही रचना. बैलगाडीने आलेला शेतकरी आणि पायी हिंडणारा गिऱ्हाईक यांच्या सोयीने आखलेले हे गाव होते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

कोळशाशी या भागाची ओळख रेल्वेने करून दिली. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी गोदाखोऱ्याची रेल्वे १९०० साली सुरू झाली, तिने नांदेड जोडले. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १९११ साली लातूरपर्यंत आली. पुढे १९२७ मध्ये तीच रेल्वे दुसऱ्या टोकाला मिरजेपर्यंत गेली. लातूर आणि मिरज ही दोन नावे एका रुळाने जोडली गेली, ती अशी. नव्वद वर्षांनी या गोष्टीला काय अर्थ येणार होता, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नसेल.

आता दिवाबत्तीचे पाहू. जुन्या काळी नगरपालिकेचा माणूस शिडी आणि रॉकेलचा डबा घेऊन सायंकाळी निघे, खांबावरचा कंदील पुसून पेटवी. काजळी धरली ती त्याच कंदिलाच्या काचेवर, सर्वांच्या डोळ्यांसमोर. विजेने काजळी नाहीशी केली असे आपणांस वाटते. वस्तुतः ती फक्त लांब गेली. परळी वैजनाथ येथे औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९७१ साली चालू झाला. पुढे संच वाढत जाऊन २०१५ च्या सुमारास केंद्राची क्षमता ११३० मेगावॉट होती. परळी ही नांदेड आणि लातूर या दोघांचीही शेजारीण. दिवा आमच्या चौकात लागतो. राख आणि धूर परळीकरांच्या वाट्यास येतो. महापालिका आपल्या हद्दीत कोळशाचा खडाही जाळीत नसली, तरी तिच्या वीजबिलातील प्रत्येक युनिटामागे कोठेतरी भट्टी पेटलेली असते. कोळशाच्या केंद्रात एका युनिटामागे साधारणपणे एक किलोग्रॅमच्या आसपास कर्बवायू हवेत जातो. रस्त्यावरचे जुने सोडियमचे पिवळे दिवे काढून एलईडी दिवे लावावेत, अशी योजना केंद्र शासनाने ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू केली, तिचे मर्म हे. तेवढाच उजेड जवळजवळ निम्म्या विजेत मिळतो. यात त्याग कोणालाच करावा लागत नाही.

परंतु बहुतेक नगरपालिकांच्या वीजबिलात दिव्यांहूनही जड असे एक कलम असते. ते पाण्याच्या पंपांचे. लातूरला सुमारे पन्नास किलोमीटरांवरील धनेगावच्या मांजरा धरणातून पाणी येते. नांदेडला गोदावरीवरील विष्णुपुरीच्या जलाशयातून. हे पाणी उपसावे लागते, शुद्ध करावे लागते, पुन्हा उंच टाक्यांत चढवावे लागते. त्याचा हिशेब शाळेतल्या पदार्थविज्ञानानेही करता येईल. समजा, एखाद्या नगरास रोज एक कोटी लिटर पाणी शंभर मीटर उंच चढवावयाचे आहे. नुसत्या वजनाच्या हिशेबाने त्याला २७०० युनिटे लागतील. पंप आणि मोटार यांत जे वाया जाते ते धरून सुमारे साडेचार हजार. म्हणजे दररोज साडेचार टन कर्बवायू. आता यातले तीस टक्के पाणी फुटक्या नळांतून जमिनीत गेले, असे धरून चाला. मग तीस टक्के कोळसाही निष्कारण जळाला, आणि त्याचे पैसेही लोकांनी भरले. रस्त्यात फुटलेली जलवाहिनी पाहून आपण हळहळतो ती पाण्यासाठी. त्या पाण्याबरोबर जळालेला कोळसाही वाहून जात असतो, हे आपल्या डोळ्यांस दिसत नाही.

याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. जसे पाण्याला कोळसा लागतो, तसे कोळशाला पाणी लागते. औष्णिक केंद्रातील वाफ थंड करण्यासाठी पाण्याचा मोठा साठा हवा असतो. जुन्या केंद्रांनी दर युनिटामागे साडेतीन लिटरांहून अधिक पाणी वापरू नये, अशी मर्यादा केंद्र शासनाने डिसेंबर २०१५ मध्ये घातली. या दोन गोष्टी एकमेकींस कशा बांधल्या आहेत, याचा धडा मराठवाड्यास त्याच सुमारास मिळाला, आणि तो पुस्तकातून मिळाला नाही.

पाण्याअभावी परळीचे केंद्र २०१३ च्या दुष्काळात बंद पडले होते. जुलै २०१५ मध्ये ते पुन्हा बंद ठेवावे लागले. पुढच्या उन्हाळ्यापूर्वी मांजरा धरण कोरडे पडले. लातुरात मार्च २०१६ मध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती पाचांहून अधिक माणसांनी जमू नये, असा जमावबंदीचा हुकूम काढावा लागला. दंगल होईल म्हणून जमावबंदी आपण ऐकली आहे. घागरीसाठी जमावबंदी हा प्रकार नवा होता. अखेर ११ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून दहा वाघिणींची पाण्याची गाडी निघाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे लातुरास पोहोचली. तिच्यात पाच लाख लिटर पाणी होते. नंतर पन्नास वाघिणींच्या गाड्यांनी पंचवीस लाख लिटर येऊ लागले. १९११ आणि १९२७ साली बार्शी लाइट रेल्वेने जो मार्ग आखला, बहुतांशी त्याच मार्गावरून, आता रुंद झालेल्या रुळांनी, हे पाणी आले. शेतमाल बाहेर नेण्यासाठी आलेली रेल्वे पिण्याचे पाणी आत आणू लागली.

या गाडीचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. तहानलेल्या नगरास ती जीवनदायी झाली, आणि मिरजकरांचे ऋण लातूर विसरणार नाही. परंतु आकडे शेजारी ठेवून पाहावेत. २०११ च्या जनगणनेत लातूरची वस्ती सुमारे ३ लाख ८० हजार होती. मोठ्या गाडीचे सारे पाणी समान वाटले, तर माणशी सहा-साडेसहा लिटर पडतात. आणि परळीचे केंद्र पूर्ण क्षमतेने एक तास चालले, तर साडेतीन लिटरांच्या मर्यादेने त्यास सुमारे चाळीस लाख लिटर पाणी लागेल. जी गाडी साडेतीनशे किलोमीटरांच्या जवळपास अंतर तोडून आली, तिच्यातील सगळे पाणी त्या केंद्रास तासभरही पुरले नसते. ज्या प्रदेशात पाणीच दुर्मिळ, तेथे वीज वाचविणे हे पाणी वाचविणेच होय, आणि पाणी वाचविणे हे वीज वाचविणे होय. तापमान वाढत गेल्यास मराठवाड्यासारख्या अवर्षणप्रवण मुलखाचे हाल अधिक होणार. तेव्हा कर्बवायूचा प्रश्न आमच्याकडे धुराच्या रूपाने न येता रिकाम्या घागरीच्या रूपाने येतो, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

तिसरे काम झाडलोटीचे. वर्षानुवर्षे लातूरचा कचरा वरवंटीच्या डेपोवर आणि नांदेडचा तुप्प्याला गेला. ओला कचरा ढिगाखाली दबून कुजला म्हणजे त्यातून मिथेन वायू निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू वजनास वजन कर्बवायूच्या सुमारे अठ्ठावीस पट ऊब धरतो. तोच कचरा हवा खेळती ठेवून कुजविला तर खत होते, आणि बंद टाकीत कुजविला तर तोच मिथेन चुलीत जाळता येतो. एप्रिल २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करण्याचे बंधन घातले. हे काम कोणतेही यंत्र करीत नाही. घरातली गृहिणी, घंटागाडीवरचा कामगार आणि कचरा वेचणारी बाई यांच्या हातांवर ते चालते. त्यांतील शेवटच्या दोघांच्या कष्टाची आपल्या समाजात जी किंमत होते, ती पाहता मान खाली घालावी लागते.

या तिहींत आता वाहतुकीची भर पडली आहे. नांदेडचे उदाहरण येथे सांगण्यासारखे आहे. गुरुगद्दीच्या त्रिशताब्दीसाठी २००८ साली देशोदेशींचे यात्रेकरू येणार होते. केंद्राच्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेतून पैसा मिळाला आणि वास्तुरचनाकार प्रदीप सचदेवा यांच्या आराखड्याप्रमाणे रस्ते नव्याने बांधले गेले. पादचाऱ्यास पदपथ, सायकलस्वारास वेगळी वाट, झाडांस जागा, अशी ती आखणी होती. मोठमोठ्या शहरांसही जे सुचले नव्हते, ते गोदाकाठच्या नांदेडने केले. अर्थात वाट आखणे एक आणि ती मोकळी ठेवणे दुसरे. पहिल्यास निधी लागतो, दुसऱ्यास रोजची दक्षता. लातूरचे नाव २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे, म्हणजे तेथील हवेतील धूळ प्रमाणाबाहेर ठरली आहे. ज्या नगराची बाजारपेठ पायी हिंडण्यासाठी आखली होती, त्याने हे मनास लावून घ्यावे.

राज्याच्या पातळीवर काय झाले, तेही सांगितले पाहिजे. २ ऑक्टोबर २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने 'माझी वसुंधरा' अभियान सुरू केले. भूमी, जल, वायू, अग्नी आणि आकाश या पंचमहाभूतांच्या नावांनी गुण ठेवून गावांची परीक्षा घ्यावयाची, ही कल्पना. पहिल्या वर्षी ४३ अमृत शहरे, २२६ नगरपरिषदा, १२६ नगरपंचायती आणि २९१ ग्रामपंचायती, मिळून ६८६ संस्था त्यात उतरल्या. २०२१ साली या ४३ शहरांनी कर्बवायू शून्याकडे नेण्याच्या जागतिक मोहिमेत सामील होण्याचे जाहीर झाले. मार्च २०२२ मध्ये मुंबईने आपला आराखडा प्रसिद्ध केला. त्यात २०१९ साली मुंबईने २ कोटी ३४ लाख टन वायू हवेत सोडला, पैकी ७२ टक्के ऊर्जेचा, २० टक्के वाहतुकीचा व ८ टक्के कचऱ्याचा, असा स्पष्ट जमाखर्च आहे. आराखड्यातील वचने पुढे पाळली जावोत वा न जावोत, हिशेब मांडला गेला ही मोठी गोष्ट.

येथे कोणी म्हणेल, विलायत-अमेरिकेने दीडशे वर्षे धूर सोडला, त्यावर श्रीमंती उभारली, आणि आता लातूरच्या रिक्षावाल्याने इंधन वाचवावे काय? आक्षेप खोटा नाही. भारतात माणशी वर्षाला सुमारे दोन टन कर्बवायू निघतो. अमेरिकेत सुमारे चौदा टन. जगाच्या दरबारात आपल्या देशाने हे ठणकावून सांगावे. परंतु फुटका नळ दुरुस्त करणे, निम्म्या विजेत तेवढाच उजेड घेणे, पंपांसाठी दिवसा सूर्याची वीज वापरणे, कचऱ्याचे खत करणे, ही कामे अमेरिकेवर उपकार म्हणून करावयाची नाहीत. ज्या वस्तीत नळ चार-आठ दिवसांनी येतो आणि टँकरचे पाणी विकत घ्यावे लागते, तेथील बायाबापड्यांसाठी ती करावयाची आहेत. आधी वाया जाते ते थांबवावे; गरिबाच्या वाट्याचे कमी करण्याचा प्रश्नच त्यानंतर उरत नाही.

लोक हे करू शकतात, याचाही पुरावा आहे. २०१६ च्या त्याच उन्हाळ्यात लातूरकरांनी 'जलयुक्त लातूर' या नावाने वर्गणी गोळा करून मांजरेच्या पात्रातील गाळ उपसला. व्यापारी, डॉक्टर, वकील, शिक्षक त्यात उतरले. संकट दारात असताना आलेला हा उत्साह धरण भरल्यावरही टिकावा कसा, हाच खरा प्रश्न आहे.

त्यासाठी कायद्यानेच एक साधन दिले आहे. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७-अ प्रमाणे आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी नगराच्या पर्यावरणाच्या स्थितीचा अहवाल महापालिकेपुढे ठेवावयाचा असतो. नांदेडला महापालिका १९९७ साली आली, लातूरला २०११ साली. हे कलम दोघींसही लागू आहे. या अहवालात नागरिकांनी तीन आकडे शोधावेत: पाणी उपसण्यास वर्षभरात किती युनिटे लागली, उपसलेल्या पाण्यापैकी किती घरांपर्यंत पोहोचले, आणि किती ओला कचरा ढिगावर न जाता खतात गेला. आकडे असतील तर मागच्या वर्षाशी ताडून पाहावेत. नसतील तर आपल्या प्रभागाच्या नगरसेवकास विचारावेत. घरपट्टीची पावती जपून ठेवणाऱ्या प्रत्येक माणसास तेवढा अधिकार खचित आहे.