एल्व्हा नदीचा धडा
पॅसिफिक महासागरांतील सॅमन मासा अंडीं घालण्यास आपल्या जन्मनदींत परततो आणि तेथेंच देह ठेवतो; त्याच्या कलेवरानें तीरावरचें अरण्य पोसलें जातें. अमेरिकेच्या वॉशिंग्टन संस्थानांतील एल्व्हा नदीवर १९१३ व १९२७ सालीं विजेसाठीं दोन धरणें झालीं. माशांस वाट ठेवली नाहीं. क्लॅलम लोकांचा अन्नाधार तुटला. १९३८ सालीं ऑलिंपिक राष्ट्रीय उद्यान स्थापून वरचे वृक्ष राखले खरे; पण त्यांना पोसणारा मासा खालींच अडला. क्लॅलमांच्या दीर्घ आग्रहानंतर नदी पूर्ववत् करण्याचा कायदा १९९२ सालीं झाला. २०११ ते २०१४ या काळांत दोन्ही धरणें पाडलीं गेलीं आणि मासे पुन्हा वर चढूं लागले. नदी कोंडून वृक्ष राखणें म्हणजे अरण्य अर्धेंच राखणें होय.