स्वमग्न व्यक्ती आणि प्रयोगशाळेतील नोकरी : शिक्षण, प्रमाणपत्र आणि मुलाखतीचा अडसर

ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यावर, व्हिक्टोरिया मार्केटच्या जुन्या इमारतीत, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे भूविज्ञान संग्रहालय आहे. तत्कालीन उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांच्या हस्ते १५ डिसेंबर २०२४ रोजी त्याचे उद्घाटन झाले. मराठी वाड्याचा तिकडच्या बोलीत 'बाडा' झाला आहे. गोरखी, टाउन हॉल, टपाल कार्यालय असा शिंदेकालीन परिसर पाहून पर्यटक संग्रहालयात शिरतो, तेव्हा त्याला काचेमागचे खडक आणि जीवाश्म दिसतात. त्यांच्यामागचे काम दिसत नाही. नमुन्याला क्रमांक द्यायचा, तो कुठल्या थरातून आला याची नोंद ठेवायची, खडकाची चकती सुमारे ०.०३ मिलिमीटर जाडीची होईपर्यंत घासायची, ती सूक्ष्मदर्शकाखाली वाचायची, रासायनिक विश्लेषणाचे आकडे पुन्हा पडताळायचे. भूविज्ञानाचा बराचसा भाग अशा शांत, क्रमबद्ध आणि पुनरावृत्तीच्या कामावर उभा आहे.

स्वमग्नता असलेल्या अनेक व्यक्तींना नेमके असेच काम मानवते. तपशिलाकडे लक्ष, नियमांची आवड, एकाच विषयात दीर्घकाळ रमण्याची क्षमता हे गुण प्रयोगशाळेत मोलाचे ठरतात. अमेरिकेतील टेंपल ग्रँडिन यांनी १९८९ मध्ये इलिनॉय विद्यापीठातून पशुविज्ञानात डॉक्टरेट मिळवली आणि पुढे कोलोरॅडो राज्य विद्यापीठात अध्यापन केले. आठव्या वर्षी स्वमग्नतेचे निदान झालेल्या ब्रिटिश जैवरसायनशास्त्रज्ञ कॅमिला पँग यांच्या पुस्तकाला २०२० मध्ये रॉयल सोसायटीचा विज्ञानग्रंथ पुरस्कार मिळाला. मात्र या उदाहरणांवरून प्रत्येक स्वमग्न मुलात शास्त्रज्ञ दडलेला असतो, असा निष्कर्ष काढणे चुकीचे आणि कुटुंबांवर अन्याय करणारे आहे. अनेकांना आयुष्यभर दैनंदिन मदत लागते; अनेकांना विज्ञानात रसही नसतो. हा लेख ज्यांना रस आणि कुवत दोन्ही आहेत, तरीही जे दाराबाहेर राहतात, त्यांच्याविषयी आहे.

अशी दारे गोव्यात कमी नाहीत. दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झाली. तिच्यामागे आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेचा वारसा आहे. त्या मोहिमेत जाळ्यांतून मिळालेले सूक्ष्म प्राणी कोचीच्या केंद्रात एकेक करून वेगळे काढून वर्गवार लावण्यात आले होते. समुद्रविज्ञानात हे काम आजही डोळ्यांनी आणि संयमानेच करावे लागते. वास्कोला ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे, जुन्या गोव्यात भारतीय कृषी संशोधन परिषदेची संस्था आहे, बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या चाचणी प्रयोगशाळा आहेत, तर वेर्णा औद्योगिक वसाहतीत औषध कंपन्यांचे गुणवत्ता नियंत्रण विभाग आहेत. ग्वाल्हेरलाही केवळ संग्रहालय नाही. तेथील जिवाजी औद्योगिक संशोधन प्रयोगशाळेतूनच पुढे संरक्षण संशोधन व विकास आस्थापना उभी राहिली.

पहिला अडसर शाळेतच येतो. विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षा मंडळे विषयांची सवलत देतात. गणिताऐवजी सोपे अंकगणित किंवा विज्ञानाऐवजी दुसरा विषय घेऊन दहावी पार पडते, घर सुटकेचा निःश्वास टाकते आणि अकरावी विज्ञानाचा रस्ता तिथेच बंद होतो. एखाद्या मुलाला खरोखर ती सवलत लागते. पण भाषेच्या उत्तरपत्रिकेत मागे पडणाऱ्या मुलाला गणितही जमणार नाही, असे गृहीत धरून घेतलेली सवलत महागात पडते. सवलतीचा अर्ज भरण्यापूर्वी प्रत्येक विषयाचा स्वतंत्र विचार व्हावा. दहावीनंतरच्या वाटा मात्र एकाहून अधिक आहेत. आयटीआय, वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका, बीएस्सी, एमएस्सी. भूवैज्ञानिक सर्वेक्षणात 'केमिस्ट' पदासाठी रसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवी लागते, तर तंत्रज्ञ पदांची पात्रता पुष्कळ खाली सुरू होते.

दुसरा अडसर प्रमाणपत्राचा. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या यादीत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली, पण नोकरीतील आरक्षण आले ते २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम ३४ नुसार सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखीव असतात. त्यांपैकी १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सर्वांना मिळून आहे. उच्च शिक्षणात कलम ३२ नुसार किमान ५ टक्के जागा आणि वयात ५ वर्षांची सूट आहे. दोन्हींसाठी किमान ४० टक्के, म्हणजे 'लक्षणीय', दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र हवे.

हे मोजमाप 'इसा' नावाच्या भारतीय मापनश्रेणीवर होते. तिच्यात ४० मुद्दे असून प्रत्येकाला १ ते ५ गुण दिले जातात. एकूण गुण ७० पेक्षा कमी असतील तर स्वमग्नता नाही, असे धरले जाते. इथे एक विचित्र पेच निर्माण होतो. वर्षानुवर्षांच्या सरावाने ज्याने नजरेला नजर देणे, ठरावीक प्रश्नांना ठरावीक उत्तरे देणे आत्मसात केले आणि त्याच बळावर एमएस्सी पूर्ण केली, त्याचे गुण नेमके या मर्यादेखाली येऊ शकतात. राखीव जागेसाठी तो पुरेसा दिव्यांग ठरत नाही आणि खुल्या मुलाखतीत पुरेसा 'नेहमीचा' वाटत नाही.

अशा उमेदवाराला कायद्याने अगदीच वाऱ्यावर सोडलेले नाही. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की ४० टक्क्यांची अट आरक्षणासारख्या लाभांपुरती आहे. वाजवी सोय मिळण्याचा हक्क त्या टक्केवारीवर अवलंबून नाही. तो खटला लेखनिकाच्या मागणीचा होता, पण तत्त्व सर्व दिव्यांगांना लागू पडते. कलम २० अन्वये प्रत्येक सरकारी आस्थापनेने कर्मचाऱ्याला वाजवी सोय पुरवणे बंधनकारक आहे. या निकालाची माहिती फार थोड्या पालकांना असते आणि कार्यालयांनाही ती आठवण करून द्यावी लागते.

तिसरा आणि खरा अडसर मुलाखतीचा. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या भूवैज्ञानिक परीक्षेत पूर्वपरीक्षा ४०० गुणांची, मुख्य परीक्षा ६०० गुणांची आणि व्यक्तिमत्त्व चाचणी २०० गुणांची असते. अनोळखी मंडळासमोर, मोघम प्रश्नांना, क्षणात, हसतमुखाने उत्तर देणे ही स्वमग्न उमेदवाराची सर्वांत दुबळी बाजू. सिलिकेटचे विश्लेषण बिनचूक करण्याशी तिचा संबंध फारसा नाही.

म्हणूनच एक तपशील आवर्जून लक्षात ठेवण्याजोगा आहे. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट 'ब' अराजपत्रित आणि गट 'क' पदांच्या मुलाखती बंद केल्या. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळांत तंत्रज्ञ आणि तांत्रिक साहाय्यक या पदांसाठी ट्रेड टेस्ट आणि लेखी परीक्षा होते. संरक्षण संशोधन संस्थेत तंत्रज्ञ पदासाठी संगणकावरील परीक्षा आणि ट्रेड टेस्ट असते. उमेदवाराने काय बोलून दाखवले यापेक्षा काय करून दाखवले, हे इथे मोजले जाते. एमएस्सी झालेल्या मुलाने तंत्रज्ञाचा अर्ज भरावा, हे घरच्यांना कमीपणाचे वाटेल. तरी प्रयोगशाळेत पाऊल ठेवण्याची ही सर्वांत सरळ वाट आहे.

जाहिरात वाचताना घाई करू नये. कोणते पद कोणत्या दिव्यांगत्वासाठी योग्य, याची केंद्रीय यादी ४ जानेवारी २०२१ रोजी अधिसूचित झाली. तिच्यात स्वमग्नतेसाठी 'एएसडी' ही अक्षरे असतात आणि पुढे सौम्य किंवा मध्यम तीव्रतेची खूण असते. शिवाय पदाला बसणे, उभे राहणे, बोटांनी हाताळणे, पाहणे, संवाद साधणे अशा कार्यात्मक गरजांचे संकेत दिलेले असतात. आपल्या प्रमाणपत्रावरील तीव्रता आणि पदापुढील खूण जुळत नसेल, तर परीक्षा उत्तीर्ण होऊनही कागदपत्र पडताळणीत नाव गळू शकते.

खासगी क्षेत्रात आरक्षण नाही. तेथे कलम २१ नुसार प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचे असते; ते मागून वाचावे. निवडीची पद्धत बदलता येते, हे मात्र सिद्ध झालेले आहे. डेन्मार्कच्या थॉर्किल सोन यांनी २००४ मध्ये स्थापन केलेली 'स्पेशलिस्टर्न' ही संस्था उमेदवारांना लेगोचे यंत्रमानव बांधायला देऊन त्यांची कामाची पद्धत पारखते. तिच्याच सहकार्याने 'सॅप' या सॉफ्टवेअर कंपनीने बंगळुरूत स्वमग्न व्यक्तींना नोकऱ्या दिल्या आणि २०१३ मध्ये तो उपक्रम जगभर नेला. सॉफ्टवेअरमध्ये जे जमले, ते औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत का जमू नये, हा प्रश्न वेर्ण्यातील व्यवस्थापनांना विचारण्याजोगा आहे.

रुजू झाल्यावर लागणाऱ्या सोयी बहुधा स्वस्त असतात. तोंडी आदेशाऐवजी लेखी कार्यपद्धती, बसण्याची आणि उपकरणांची ठरलेली जागा, लुकलुकणारी नळी बदलणे, पाळीतील बदलाची पूर्वसूचना. धुरकपाटाचा सततचा घरघराट असह्य होणाऱ्याला कान झाकू द्यावेत, पण मग धोक्याचा इशारा दिव्यानेही मिळाला पाहिजे. सुरक्षिततेत तडजोड चालत नाही. निदान वरिष्ठांना सांगावे की नाही, याचा निर्णय त्या व्यक्तीचा. न सांगता सोय मागता येत नाही, आणि सांगितल्यावर प्रत्येक चूक निदानाच्या खाती जमा होण्याची भीती असते. सांगायचेच असेल तर लेखी आणि नेमक्या मागणीसह सांगितलेले बरे.

गोव्यात स्वमग्न मुलांसाठी 'सेतू' आणि 'संगथ' या संस्थांनी भरीव काम केले आहे. पालकांना प्रशिक्षण देऊन मुलांशी संवाद कसा सुधारतो, याची 'संगथ'ची सहभाग असलेली चाचणी गोवा आणि रावळपिंडी येथे झाली व २०१६ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'त प्रसिद्ध झाली. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पहिला पर्पल फेस्ट भरला. लक्ष अधिकतर बालपणाकडे आणि सोहळ्यांकडे राहिले. विशी ओलांडलेल्यांच्या रोजगाराची व्यवस्था त्या मानाने विरळ आहे.

सोय नाकारली गेल्यास पहिली तक्रार आस्थापनेतील तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करावी. कलम २३ नुसार प्रत्येक सरकारी आस्थापनेत तो नेमलेला असायला हवा. पुढे राज्याच्या आस्थापनांविरुद्ध राज्य दिव्यांग आयुक्तांकडे आणि समुद्रविज्ञान संस्थेसारख्या केंद्रीय संस्थांविरुद्ध दिल्लीच्या मुख्य आयुक्तांकडे दाद मागता येते. अर्जासोबत जाहिरातीची प्रत, प्रमाणपत्र आणि सोय मागितल्याच्या मूळ पत्राची पोचपावती जोडावी.