तीनशेचे साडेचारशे : स्वस्त गेमिंग संगणकाच्या जुळणीचा इतिहास

२४ ऑगस्ट १९९८ रोजी इंटेल कंपनीने दोन प्रोसेसर एकाच दिवशी बाजारात आणले. एक पेंटियम २, वेग ४५० मेगाहर्ट्झ, हजार नगांच्या घाऊक खरेदीचा दर ६६९ डॉलर. दुसरा सेलेरॉन ३००ए, वेग ३०० मेगाहर्ट्झ, दर १४९ डॉलर. दरपत्रकात या दोन ओळींमध्ये चौपटीहून अधिक अंतर होते. काही आठवड्यांतच जगभरच्या हौशी मंडळींच्या लक्षात आले, की दुसरा नग योग्य मदरबोर्डवर बसवून एकच आकडा बदलला तर तोही ४५०वर धावतो आणि बहुतेक खेळांत पहिल्याच्या खांद्याला खांदा लावतो.

संगणकाचा इतिहास आपण साधारणपणे दोन बाजूंनी वाचतो : यंत्रे घडवणाऱ्या कंपन्यांच्या बाजूने, नाहीतर आज्ञावली लिहिणाऱ्या प्रतिभावंतांच्या बाजूने. तिसरा माणूस म्हणजे खिशात मोजके पैसे घेऊन दुकानात उभा राहिलेला, पहिल्यांदाच खेळांसाठी संगणक जुळवणारा गिऱ्हाईक. त्याला या इतिहासात जागा नाही. त्याच्यापुढचा प्रश्न साधा होता : आहेत एवढ्या पैशांत कुठे हात सैल सोडायचा आणि कुठे आखडायचा? या प्रश्नाचे उत्तर दर तीन-चार वर्षांनी बदलत गेले. ते का बदलले हे तपासले, की हा गिऱ्हाईक कंपन्यांना वाटत होता तितका भाबडा नव्हता असे दिसते.

मुळात सुटे भाग निवडण्याची मुभा मिळाली ती एका घाईतून. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. फ्लोरिडातल्या बोका रॅटन इथल्या डॉन एस्ट्रिजच्या चमूला तो साधारण वर्षभरात उभा करायचा होता. सगळे भाग स्वतः घडवायला वेळ नव्हता, म्हणून इंटेलचा ८०८८ प्रोसेसर आणि बाजारात तयार मिळणारे इतर भाग वापरले गेले. यंत्रात जादा कार्डांसाठी पाच खाचा ठेवल्या. एवढ्यावर न थांबता विद्युत आराखडे आणि बायोस या मूळ आज्ञावलीचा संपूर्ण मजकूर असलेली संदर्भपुस्तिकाही विकायला ठेवली. हेतू हा, की इतरांनी कार्डे बनवावीत. बायोसवर स्वामित्वहक्क असल्याने नक्कल होणार नाही असा आयबीएमचा हिशेब होता. कॉम्पॅकने आणि नंतर फिनिक्स कंपनीने तो चुकवला. एका गटाने बायोस काय करते याचे वर्णन लिहायचे आणि मूळ मजकूर कधीच न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने त्या वर्णनावरून नवी आज्ञावली लिहायची. स्वामित्वहक्क मजकुरावर असतो, कामावर नाही. १९८४ नंतर फिनिक्सचे बायोस कोणालाही विकत घेता येऊ लागले आणि तैवानपासून टेक्सासपर्यंत कोणीही मदरबोर्ड बनवू शकेल अशी स्थिती आली. १९८७ साली आयबीएमने नव्या खाचांचे यंत्र आणून दार पुन्हा लोटून पाहिले, पण तोवर उशीर झाला होता.

दार उघडे राहिले, पण आतल्या मालाचा भाव कसा ठरतो हे गिऱ्हाइकाला कळायला आणखी काही वर्षे गेली. १९९१ साली इंटेलने ४८६ प्रोसेसरची स्वस्त आवृत्ती काढली, ४८६ एसएक्स. महागड्या डीएक्समध्ये अपूर्णांकांची गणिते करणारा स्वतंत्र भाग होता, एसएक्समध्ये तो नव्हता. निदान वापरता येत नव्हता. कारण सुरुवातीचे एसएक्स म्हणजे तो भाग मुद्दाम बंद केलेले डीएक्सच होते. पुढे कोणाला तो भाग हवासा वाटला तर ४८७ नावाची जोडचिप विकत मिळे. ही जोडचिप प्रत्यक्षात अख्खा डीएक्स होती. ती बसवली की शेजारचा जुना एसएक्स निमूटपणे गप्प बसे. १९९६ साली रेमंड डेनेकेर आणि प्रेस्टन मॅकॅफी या अर्थतज्ज्ञांनी अशा मुद्दाम अधू केलेल्या वस्तूंवर निबंध लिहिला, त्यात हे उदाहरण आहे.

कल्पना मात्र जुनी. झ्यूल द्यूप्वी या फ्रेंच अभियंत्याने १८४९ सालीच लिहून ठेवले होते, की रेल्वे कंपन्या तिसऱ्या वर्गाचे डबे उघडे ठेवतात ते छपराचा खर्च वाचवायला नव्हे. दुसऱ्या वर्गाचे भाडे परवडणाऱ्याने तिसऱ्यात बसू नये म्हणून. गरिबाला भिजवायचे ते श्रीमंताला घाबरवण्यासाठी. आपल्याकडच्या रेल्वेतला तिसरा वर्ग १९७४ साली गेला, पण प्रोसेसरमध्ये तो मुक्कामाला आला.

अपूर्णांकांच्या त्या भागाचे महत्त्व एका खेळाने ठरवले. डिसेंबर १९९३मध्ये आलेला ‘डूम’ पूर्णांकांच्या गणितावर चाले. ३८६ प्रोसेसर आणि ४ एमबी रॅम असली की तो सुरू होई, ४८६वर मजेत धावे. त्या काळी पैसे घालायचे ते प्रोसेसरच्या वेगात आणि रॅममध्ये, एवढे सोपे उत्तर होते. जून १९९६मध्ये त्याच आयडी सॉफ्टवेअर कंपनीचा ‘क्वेक’ आला आणि उत्तर उलटले. ‘क्वेक’मधले जग खरोखर त्रिमितीचे होते. भिंतींवरची चित्रे अंतराप्रमाणे अचूक बसवायला भागाकार लागत. मायकेल अॅब्रॅशने हे काम असे बांधले, की पेंटियमचा अपूर्णांकाचा विभाग एक भागाकार करत असताना उरलेला प्रोसेसर आधीचे सोळा ठिपके रंगवत राही. भागाकार जवळजवळ फुकटात पडे, पण पेंटियमवरच.

याचा फटका बसला सायरिक्सच्या ६x८६ प्रोसेसरला आणि तो घेणाऱ्यांना. टेक्सासमधल्या या कंपनीचा माल स्वस्त होता आणि कार्यालयीन कामांत उत्तम चाले. १३३ मेगाहर्ट्झच्या नगावर कंपनी ‘पी१६६+’ असे छापे, म्हणजे पेंटियम १६६च्या तोडीचा किंवा सरस. चाचण्या खऱ्या होत्या, पण त्यात ‘क्वेक’ नव्हता. ‘क्वेक’ लावला की हा १६६+ त्याच्याहून कितीतरी हळू पेंटियमच्या मागे पडे. माझ्या मते पहिल्यांदा संगणक घेणाऱ्याला बाजाराने दिलेला हा सर्वांत महत्त्वाचा धडा होता. वेगाचा आकडा हा वस्तूचा गुण नाही. अमुक कामातला अमुक वस्तूचा गुण एवढाच त्याचा अर्थ, आणि काम बदलले की आकडा खोटा पडतो.

त्याच वर्षाच्या अखेरीस तिसरे वळण आले. थ्रीडीएफएक्स कंपनीची व्हूडू चिप आधी खेळघरांतल्या यंत्रांसाठी होती. १९९६ साली रॅमचे भाव कोसळले आणि ४ एमबीचे व्हूडू कार्ड घरगुती गिऱ्हाइकाच्या आवाक्यात, म्हणजे ३०० डॉलरच्या आसपास आले. हे कार्ड विचित्र होते. ते फक्त त्रिमितीचे काम करी, त्यामुळे जुने कार्ड काढायचे नाही. जुन्यातून निघालेली वायर व्हूडूमध्ये घालायची आणि व्हूडूतून मॉनिटरला न्यायची. पण जानेवारी १९९७मध्ये ‘क्वेक’ची त्यावर चालणारी आवृत्ती आली आणि बेताचा पेंटियम बाळगणाऱ्याला अख्खे यंत्र न बदलता नव्या जगात शिरता आले. ‘आधी ग्राफिक्स कार्ड ठरवा, उरलेल्या पैशांत बाकीचे बसवा’ हा आजचा सल्ला इथून सुरू होतो.

आता पुन्हा सेलेरॉनकडे. त्याची पहिली आवृत्ती एप्रिल १९९८ची. तिच्यातून इंटेलने दुय्यम कॅशे, म्हणजे प्रोसेसरची हाताशी ठेवलेली स्मृती, पूर्णच काढून टाकली होती. समीक्षकांनी तिची यथेच्छ टिंगल केली. तो डाग पुसायला ३००एमध्ये १२८ केबी कॅशे दिली गेली, आणि खर्च कमी ठेवण्यासाठी ती प्रोसेसरच्याच सिलिकॉनवर कोरली. पेंटियम २मध्ये ५१२ केबी होती खरी, पण वेगळ्या चिपांवर आणि प्रोसेसरच्या निम्म्या वेगाने चालणारी. छोटी पण पूर्ण वेगाची कॅशे खेळांना मानवली. शिवाय वेग वाढवताना पेंटियमच्या सुट्या कॅशे-चिपा आधी माना टाकत, ती अडचण इथे उरलीच नाही.

प्रोसेसरचा वेग म्हणजे मदरबोर्डच्या बसचा वेग गुणिले एक ठरावीक गुणक. ३००एचा गुणक साडेचार, तो कुलूपबंद. ६६ गुणिले साडेचार, तीनशे. पण ४४० बीएक्स चिपसेटचे मदरबोर्ड बसला १०० मेगाहर्ट्झवर चालवण्यासाठीच बनलेले होते. १०० गुणिले साडेचार, साडेचारशे. यातली खुबी अशी, की रॅम, ग्राफिक्स कार्ड, हार्ड डिस्क यांतले काहीही आपल्या मर्यादेबाहेर जात नसे. ताण फक्त प्रोसेसरवर, आणि तो ज्या प्रक्रियेतून निघाला त्याच प्रक्रियेतून ४५०चे पेंटियम निघत होते. अॅबिट कंपनीच्या बीएच६ मदरबोर्डवर हा बदल पडद्यावरच्या यादीतून करता येई. ज्यांचा बोर्ड आडमुठा होता ते प्रोसेसरच्या कडेवरच्या बी२१ क्रमांकाच्या पट्टीवर बारीक चिकटपट्टी लावत. कोणी नेलपॉलिश लावे. दोन वर्षांनी एएमडीच्या ड्युरॉनवर तुटक्या सोनेरी रेघा शिसपेन्सिलीने जोडल्या की त्याचे कुलूप उघडे, कारण शिसपेन्सिलीतल्या ग्राफाइटमधून वीज वाहते. हे सगळे प्रत्येक नगावर जमेच असे नाही. हमी तर तत्क्षणी संपे.

आणि या ज्ञानाला काळी बाजू होती. कुलूप घालण्याचे इंटेलने दिलेले कारण म्हणजे बनावट छाप. स्वस्त नगावरची अक्षरे खरवडून वरचा वेग छापायचा आणि तो महाग विकायचा, हा धंदा खरोखरच चालत असे. गिऱ्हाइकाने स्वतः तीनशेचे साडेचारशे केले तर ती हुशारी. दुकानदाराने न सांगता केले तर ती फसवणूक, आणि तिचा बळी नेमका पहिल्यांदाच खरेदीला आलेला माणूस. म्हणजे दोघांची विद्या एकच, फक्त ती कोणाकडे आहे यावर सगळे अवलंबून. इंटेलचे कारण खोटे नव्हते. पण त्या कुलुपाने ६६९ डॉलरचा भावही राखला जात होता, हेही खोटे नाही.

मुंबईत ही विद्या लॅमिंग्टन रोडवर मिळे. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांच्या नावाचा हा रस्ता आता कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. मिनर्व्हा, अप्सरा ही चित्रपटगृहे आणि रेडिओच्या सुट्या भागांची दुकाने ही त्याची जुनी ओळख. संगणक आले तसे रेडिओवाल्यांच्या शेजारी नवे गाळे उभे राहिले. ‘ब्रँडेड’ आणि ‘असेंबल्ड’ हे दोन शब्द तेव्हा घराघरांत पोचले. असेंबल्ड स्वस्त पडे, शिवाय बिलासह आणि बिलाशिवाय असे दोन भाव. १९९७ साली भारत माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि २००५ पर्यंत या मालावरचे आयात शुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आले. त्याआधी मात्र डॉलरमधल्या किमतीला रुपयाने गुणून इथला भाव कधीच मिळत नसे. अमेरिकेतला मुलगा उन्हाळ्यातल्या कमाईतून प्रोसेसर बदलू शके. इथे संगणक ही घराची खरेदी होती, ‘अभ्यासासाठी’ म्हणून मंजूर झालेली. चुकीचा भाग आला तर पुढची पाच-सात वर्षे तोच.

म्हणूनच आपल्या कोटेशनमध्ये परदेशी सल्ल्यांत नसलेली एक ओळ असे, यूपीएस. आणि एक ओळ बहुधा नसेच, एसएमपीएसची. तो कॅबिनेटसोबत ‘फुकट’ येई. सगळ्या भागांना वीज पुरवणारा हा डबा. त्याच्यावर छापलेले वॅट आणि तो प्रत्यक्षात सोसू शकणारे वॅट यांत बरेच अंतर असू शके. सायरिक्सच्या आकड्याबद्दल जे म्हटले तेच इथेही लागू, फरक एवढाच की इथे चूक झाली तर धूर निघे.

१९९८ची ती फट कंपन्यांनी हळूहळू बुजवली. २०१० साली इंटेलने तर पेंटियम जी६९५१सोबत ५० डॉलरचे कार्ड विकून पाहिले. त्यावरचा क्रमांक संगणकात घातला की प्रोसेसरमधली बंद ठेवलेली कॅशे आणि जादा क्षमता चालू होई. एसएक्सचे गुपित आता पाकिटात घालून विकायला ठेवले होते. टीका झाली आणि योजना गुंडाळली गेली. जानेवारी २०११पासून मात्र वेग वाढवण्याची मोकळीक नावापुढे ‘के’ असलेल्या प्रोसेसरांपुरती राहिली. आय५-२५००चा दर २०५ डॉलर, २५००केचा २१६. कुलुपाची किल्ली अकरा डॉलरला, पण ती स्वस्तातल्या नगांसाठी विक्रीलाच नव्हती.

२०१४ साली पेंटियम या नावाला वीस वर्षे झाल्याच्या निमित्ताने इंटेलने ७२ डॉलरचा, कुलूप नसलेला जी३२५८ आणला तेव्हा जुन्या मंडळींना ३००ए परत आल्याचा भास झाला. त्याचा वेग चांगलाच वाढे. पण त्याला गाभे दोनच होते, आणि त्याच नोव्हेंबरमध्ये आलेला ‘फार क्राय ४’ दोन गाभ्यांवर सुरूच होईना, नुसता काळा पडदा. पुन्हा एका खेळाने उत्तर फिरवले होते.

नंतरची कहाणी ग्राफिक्स कार्डांची आहे. २०१७-१८मध्ये आणि पुन्हा २०२०पासून आभासी चलन ‘खणणाऱ्यांनी’ कार्डे उचलली आणि भाव दुपटीकडे गेले. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने आपली पद्धत बदलली, खाणकाम थांबले आणि महिनोन्‌महिने अहोरात्र तापलेली कार्डे जुन्या बाजारात आली. या टंचाईतला तरणोपाय एएमडीने फेब्रुवारी २०१८मध्येच दिला होता : रायझन ३ २२००जी, ९९ डॉलर, बऱ्यापैकी ग्राफिक्स प्रोसेसरच्या पोटातच. कोटेशनमधली सर्वांत जड ओळ त्यामुळे गळून पडली. फक्त या ग्राफिक्सला स्वतःची स्मृती नसते, ते संगणकाच्या रॅमवर जगते आणि रॅमचे दोन मार्ग एकाच वेळी चालू असतील तरच पोटभर जगते. त्यासाठी ४ जीबीच्या दोन पट्ट्या लागतात. ८ जीबीची एकच पट्टी बसवली तर देवाणघेवाणीचा मार्ग निम्मा होतो आणि खेळ अडखळतात. दोन्हींच्या किमतीत फारसा फरक नसतो. कोटेशनवर मात्र दोन्ही वेळा एकच ओळ लिहिलेली असते : रॅम ८ जीबी.