घरची कृती आणि बाजारातले नाव

राणीसावरगावच्या परिसरात अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी कोणाला नवी नाही. तिचीच बहीण लाल अंबाडी. तिची बोंडे कॅरिबियन बेटांत आले घालून उकळतात आणि नाताळात ते पेय घरोघर पाहुण्यांपुढे ठेवतात. परंतु घरची कृती बाजारात टिकते कशी, हा प्रश्न निराळा आहे. त्याचे उत्तर त्याच प्रदेशाच्या इतिहासात सापडते.

डॉ. योहान सीगर्ट हे जर्मन वैद्य बोलिव्हारच्या सैन्याच्या सेवेत व्हेनेझुएलातील अंगोस्तुरा गावी होते. सैनिकांच्या पोटाच्या विकारांवर त्यांनी १८२४ साली वनस्पतींचा एक कडू अर्क सिद्ध केला. १८३० च्या सुमारास तो परदेशी जाऊ लागला. १८७० मध्ये डॉक्टर वारले. पुढे १८७५ साली मुलांनी राजकीय अस्थैर्यामुळे कारखाना त्रिनिदादला हलवला. कृती त्यांनी घराबाहेर जाऊ दिली नाही. पण तेवढ्याने भागले नाही. 'अंगोस्तुरा' हे पडले गावाचे नाव. ते दुसऱ्यांनीही आपल्या बाटल्यांवर छापले, आणि १८७८ साली सीगर्टांना इंग्लंडच्या न्यायालयात दाद मागावी लागली.

कृती घरात जपता येते; नाव मात्र चारचौघांत वावरते, म्हणून त्याचे रक्षण वेगळे करावे लागते. अंबाडीचे वा कैरीचे सरबत विकू पाहणाऱ्या आपल्याकडील गृहिणीने चव आणि माप कायम राखावे, हे खरेच. पण पहिली बाटली भरण्यापूर्वी स्वतःचे असे नाव निवडून ते रीतसर नोंदवूनही घ्यावे. गावाच्या नावावर साऱ्या गावाचा हक्क असतो.