नर्मदेचा नळ आणि दादाचा मॉडेम

आज जुन्या इंदूरची आठवण, पण राजवाड्याची नाही नि सराफ्याचीही नाही. 1996 सालची, आमच्या दादाच्या कॉम्प्युटरची.

दादा तेव्हा सियागंजात एका व्यापाऱ्याकडे हिशेबाला होता. रात्री एसटीडीचे दर उतरले की मुंबईच्या पेढीवरून मॉडेमवर बिलांची फाइल यायची. मशीन 486, त्यावर लिनक्स, म्हणजे युनिक्सच्या वळणाचीच सिस्टीम. शेठजींच्या मागे लागून त्यानं 28,800 चा नवा मॉडेम घ्यायला लावला, आणि त्याच आठवड्यात फाइल मध्येच अडखळायला लागली. 9,600 चा जुना रडतखडत का होईना, पोचवायचा. शेठजी म्हणाले, "भैया, पुराना ही ठीक था. पगार से काट लूँ क्या?" घरात त्याच पगारावर माझी फी होती.

आता वेगाचं सांगते. हा मॉडेम मजकूर दाबून पाठवतो, जमलं तर चौपट. म्हणून कॉम्प्युटर आणि मॉडेममधली सीरियल पोर्टची केबल 115,200 वर चालवायची. पण जुन्या युनिक्सच्या यादीत 38,400 च्या पुढे आकडाच नव्हता! लिनक्सवाल्यांची तोड अशी: 'सेटसीरियल' ही कमांड देऊन पोर्टला आधीच सांगून ठेवायचं, की कुणी 38,400 मागितले तर 115,200 दे. बोलायचा भाव एक, द्यायचा दुसरा. सियागंजात ह्याचं कुणाला नवल वाटलं नसतं.

दादानं आधी टेलिफोन लाइनला शिव्या घातल्या, मग केबल बदलली. हार्डवेअर फ्लो कंट्रोल, म्हणजे "थांब, आवरतोय" असं मॉडेमला तारेवरून कळवायची सोय, तीही चालू केली. तरी अक्षरं गळायचीच. शेवटी एका रात्री सेटसीरियलनंच पोर्टवरच्या चिपचं नाव दाखवलं: 16450.

ही चिप आलेलं एकच अक्षर धरून ठेवते. 115,200 च्या वेगात सेकंदाला 11,520 अक्षरं येतात, म्हणजे दर 87 मायक्रोसेकंदांना एक. तेवढ्यात प्रोसेसर हार्ड डिस्कवर लिहिण्यात गुंतला, की मागचं अक्षर पुढच्याखाली गेलंच. "थांब" म्हणायचं कामही त्याचंच, आणि तोच जागेवर नाही. दादा हे मला समजावत होता तर आई आतून म्हणाली, "नर्मदेच्या नळाखाली वाटी ठेवून बाहेर गेलास तर सांडणारच की रे!"

वाटीच्या जागी हंडा हवा होता. 16550ए ही चिप 16 अक्षरं साठवते, म्हणजे प्रोसेसरला साधारण 1.4 मिलिसेकंदांची उसंत. ते शेवटचं 'ए' महत्त्वाचं, कारण नुसत्या 16550 मधली साठवणीची सोय सदोष होती. मुंबईच्या मामाला फोनवर ते तीनदा बजावलं. त्यानं लॅमिंग्टन रोडवरून चिप आणली नि ओळखीच्या माणसाबरोबर पाठवली. दादाच्या कार्डावर सुदैवानं सॉकेट होतं आणि दोन्ही चिपांचे 40 पाय सारखेच. स्क्रूड्रायव्हरनं जुनी उचकटली, नवी दाबून बसवली.

त्या रात्री फाइल एका दमात आली. शेठजी काहीच बोलले नाहीत, पण पगार पुरता मिळाला.

उचकटताना एक पाय वाकलेली ती 16450 आजही आईच्या बटणांच्या डबीत आहे.